एकदाच वाजणारी घंटी

"प्रेमची घंटी आता मला द्या," अभिमन म्हणाला आणि अर्धी खाल्लेली सांजोरी ताटलीत ठेवून त्याने फासे पुढ्यात ओढले. "माझ्याकडे आहे काय? एक ढाल. तीही तडकलेली."

"माणसाला जाऊन वर्ष झालं नाही आणि याला घंटी पाहिजे!" मेघाने फासे त्याच्या हातून हिसकावून घेतले. "लाज कशी वाटत नाही रे?"

"अगं बाई, खेळातली घंटी म्हणतोय मी. खेळातला त्याचा माणूस, वना, आता राहिला नाही, तर त्याची वस्तू कोणाकडे तरी जायला हवी ना? कंट्रोलर, तुम्ही बोला."

कंट्रोलर म्हणजे मी, कामिनी. जळगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. चौकशीच्या खिडकीत बसते, माईकवर गाड्या पुकारते. दिवसभर घसा फोडून सांगायचं की अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी खिडकीत डोकं घालून तेच विचारणार. आमच्या खेळातही माझं काम तेच. समोर डोंगर आहे, डोंगरात भुयार आहे, भुयारात कोणीतरी श्वास घेतंय, हे मी सांगायचं. आपला माणूस काय करतो हे बाकीच्यांनी सांगायचं. होईल की नाही असा वांधा पडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. इथेही माझं कोणी ऐकत नाही, म्हणून नावही तेच पडलं.

तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आखाजीला आमच्या खान्देशात पत्ते खेळणाऱ्याला कोणी बोलत नाही. म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर डाव मांडून बसतात. त्यामुळे पिंप्राळ्यातल्या माझ्या घरी दुपारी एवढा आरडाओरडा चालला तरी त्या दिवशी शेजारच्या वहिनी खिडकीतून डोकावत नाहीत. एरवी त्यांना वाटतं, कामिनीबाईकडे अंगात येतं.

प्रेमराज गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो. कोणाचं मन लागत नव्हतं, पण कोणी तसं म्हणतही नव्हतं. अभिमनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, मेघा औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तिसरे तोतारामभाऊ. ते शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलतात, मोटारींचं रिवाइंडिंग करतात, पन्नाशी कधीच ओलांडली आहे. एकदा माझ्या कूलरची मोटार बघायला आले, आम्ही खेळत होतो, हातात पाना धरून बघत उभे राहिले. नंतर खाली बसले. ते आजतागायत उठलेले नाहीत.

आणि चौथा प्रेमराज. असोद्याचा, नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला. पुण्यात कॉलेजात असताना हा खेळ शिकून आला आणि त्याने तो आम्हाला लावला. आठवडाभर नरडाण्याच्या खोलीवर राहायचा, शनिवारी असोद्याला आईकडे, रविवारी दुपारी माझ्याकडे. सोमवारी सकाळी नरडाण्यावरून जाणारी शिंदखेड्याची गाडी पकडायला स्टँडवर यायचा. ती गाडी मीच पुकारायचे, आणि गाडी लागेपर्यंत हा माझ्या केबिनमधल्या बाकावर बसून माझा डबा उघडायचा. "काय अक्का भो, आज काय?" लहानथोर सगळ्यांनाच तो भो लावायचा. एक भाकरी खायचा, एक माझ्यासाठी ठेवायचा. शेवटच्या सोमवारी तर मेल्याने दोन्ही संपवल्या. मी दिवसभर कॅन्टीनच्या वड्यावर काढला आणि त्याच्या नावाने बोटं मोडली. त्याच संध्याकाळी कंपनीतून खोलीवर जाताना हायवेवर त्याला गाडीने उडवलं. 

दिवाळीनंतरची गोष्ट. तेव्हापासून दर सोमवारी मी शिंदखेड्याची गाडी पुकारते, आणि बाकाकडे बघायचं नाही असं ठरवून बघते.

पण मी घंटीचं सांगत होते. खेळात जादूच्या वस्तू सापडतात. सुरुवातीला मी त्या सढळ हाताने वाटल्या. अभिमनने पाय धरले म्हणून त्याला कधी न चुकणारी तलवार दिली. झालं! पुढचे दोन महिने राक्षस यायचा, अभिमन तलवार काढायचा, राक्षस मरायचा. बाकीचे तिघे त्याची पिशवी धरून उभे. एका रविवारी मेघाने फासे खाली ठेवले. म्हणाली, "मी घरी जाऊन धुणं धुते. तिथे माझी गरज तरी आहे."

तेव्हा प्रेमराजने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अक्का भो, लाडक्याला तलवार आणि बाकीच्यांना टाळ्या, हे घरात चालतं. खेळात नाही चालत."

मग त्याने समजावलं. ती तलवार परत घ्यायची. यापुढे वस्तू पाळीने द्यायची, मागेल त्याला नाही. प्रत्येक वस्तूची काहीतरी किंमत ठेवायची, आणि ती वापरायच्या आधी सांगायची, मागून नाही. एकदा वस्तूचं जे सांगितलं ते सांगितलं. मग दया आली म्हणून सूट नाही आणि राग आला म्हणून फिरवाफिरवी नाही. "गाडी पुकारल्यासारखं," तो म्हणाला. "फलाट पाच म्हटलं की पाच. तिथे लोक जाऊन उभे राहतात, अक्का."

मी म्हटलं, "आणि किंमत फारच जड झाली तर?"

"दुसऱ्या कोणी आपणहून उचलली तर उचलू द्यायची. माफ मात्र करायची नाही."

बोलून थांबला नाही. पुढे मेघाला एक आरसा मिळाला, तो वापरायची किंमत होती एक डोळा. मेघा रडवेली झाली. प्रेमचा वना, म्हणजे त्याचा खेळातला वाटाड्या, पुढे झाला आणि म्हणाला, डोळा माझा घ्या. तेव्हापासून वना काणा.

मग वनाची पाळी आली तेव्हा मी त्याला घंटी दिली. तोतारामभाऊंच्या गोठ्यातली खरी पितळी घंटी, बैलाच्या गळ्यातली. आणि सगळ्यांसमोर तिचं सांगितलं: ही वाजवली की गेलेलं माणूस एकदाच परत येईल, वाजवणाऱ्याच्या एका प्रश्नाचं उत्तर देईल, आणि ते उत्तर खरंच असेल. त्यानंतर घंटी मुकी. किंमत म्हणजे वाजवणारा त्या माणसाचा आवाज कायमचा विसरेल.

प्रेमने घंटी हातात घेतली, खिशातून लाल दोरा काढला आणि आतला लोलक गच्च बांधून टाकला. म्हणाला, "एकदाच आहे ना भो. बसमध्ये चुकून वाजली म्हणजे?" आम्ही हसून हसून लोळलो. ती न वाजवताच तो गेला.

"बोला ना, कंट्रोलर," अभिमन म्हणाला. "घंटी कोणाला?"

"ती घंटी इथे आहे कुठे?" मी वैतागून म्हटलं. "त्याच्या घरी आहे. आता त्याच्या आईकडे जाऊन मागतोस?"

तेवढ्यात दार वाजलं.

दारात पुष्पाबाई होत्या, प्रेमराजच्या आई. असोद्याहून भर उन्हात, आखाजीच्या टळटळीत उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, एका हातात पिशवी. दुसरा हात पदराखाली होता. प्रेमच्या दहाव्यानंतर मी त्यांना पाहिलं नव्हतं. निम्म्या झाल्या होत्या.

मेघाने पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मग पदराखालचा हात बाहेर काढला. त्यात घंटी होती, लाल दोऱ्यासकट.

अभिमनचं तोंड बघण्यासारखं झालं.

"दाराले टांगली होती मी," पुष्पाबाई म्हणाल्या. "वारा सुटला का हालते. वाजत मात्र नही. रोज सांजच्याले वाटे, आता वाजंन." त्यांनी आम्हा चौघांकडे पाहिलं. "आज त्याची पह्यली आखाजी. घागर भरली, पान वाढलं, आगारी टाकली. पेटलीच नही वं. नुसता धूर."

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, आणि आगारी म्हणजे निखाऱ्यावर तूप सोडून घास ठेवतात ती. ज्वाळ उठली की गेलेल्या माणसाला पोचलं, असं आमच्याकडे मानतात. कूलर घरघरत होता.

"त्याचं कायतरी राह्यलं माह्याजवय," त्या म्हणाल्या. "मले त्याले एक इचारायचं आहे. त्यानं सांगितलं होतं या घंटीचं. म्हने, अक्कानं दिली. मंग ते तूच करशीन ना?"

"काकू," मेघा हळूच म्हणाली, "तो खेळ आहे. खोटं खोटं असतं ते."

"मी काय येडी आहे?" पुष्पाबाईंचा आवाज चढला. "मले समजते खेय आहे. सकायी मातीच्या घागरीले कुंकू लावलं, म्हटलं जेव रे बापू. तो काय होता मंग? तो बी खेयच ना? तो गावानं मांडला, हा माह्या पोऱ्यानं मांडला."

अभिमन माझ्या कानाशी लागला. "कंट्रोलर, घंटी फक्त खेळातल्या माणसांना बोलावते असं सांगा ना. विषय संपला."

सांगता आलं असतं. पण देताना मी तसं म्हटलं नव्हतं. गेलेलं माणूस म्हटलं होतं. फलाट पाच म्हटलं होतं, आणि ही बाई त्या फलाटावर येऊन उभी राहिली होती.

"काय विचारायचं आहे ते मला सांगा ना, काकू," मी म्हटलं. "मला माहीत असेल तर मीच सांगते."

"तुले नही इचारायचं. त्याले इचारायचं."

आता खरी भीती वाटली मला. खरं उत्तर द्यायचं कबूल केलेलं, आणि ते देणार कोण? मी. तिने विचारलं, तुला दुखलं का रे, तर? माझ्यावर रागावून गेलास का, असं विचारलं तर? मला काय ठाऊक त्याच्या पोटात काय होतं ते! गोड बोलून वेळ मारून नेली असती, आईला बरं वाटलं असतं. पण त्याची आई, त्याची घंटी, आणि त्यानेच घालून दिलेला नियम. खोटं बोलले असते तर त्या पोराला पुन्हा एकदा मारल्यासारखं झालं असतं.

"माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगेन," मी म्हटलं. "चालेल?"

"चालंन."

"एकच प्रश्न."

"दोन विचारू द्या हो," अभिमन कळवळला. "त्या त्याच्या आई, आणि तुम्ही नियम काढता!"

"एकच," मी खेकसले. माझ्या नाकावर राग असतोच, पण त्या दिवशी तो नसता तर मी रडले असते. "आणि काकू, याची किंमत आहे. ती त्याने तुम्हाला सांगितली नसेल. जो वाजवेल तो त्याचा आवाज विसरेल. कायमचा."

पुष्पाबाईंनी घंटी छातीशी धरली. खेळ आहे म्हणून समजणारी ती बाई, पण तिचा चेहरा पांढरा पडला. मीही ती किंमत खेळ म्हणूनच बोलले होते, तरी शब्द तोंडातून गेल्यावर ते मागे घ्यावेसे वाटले.

"त्याच्या आवाजाबिगर काय आहे वं माह्याजवय?" त्या पुटपुटल्या. "तो बी कमी होऊन राह्यला. पह्यले कधी बी आठवे. आता डोये मिटून बसा लागते, तवा कुठं एखांद्या वक्ती येते. तेवढा बी घेशीन तू?"

"माफ नाही करता येत," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "पण दुसऱ्याला उचलता येते. आपणहून."

"मी उचलते," मेघा लगेच म्हणाली.

"माले द्या ती किंमत," तोतारामभाऊ म्हणाले. "मना कान ते बठ्ठा मोटारीना आवाजमा गयात. मना काय जाई?"

पुष्पाबाईंनी मान हलवली. "तुमची लेकरंबायकं आहेत. असलं कोनाच्या अंगावर टाकू नये."

"मग मी घेते," मी म्हटलं.

"कंट्रोलर खेळाडू नसतो," अभिमन म्हणाला. "कंट्रोलरला किंमत कशी लागेल?"

"लागत नाही असं कुठे सांगितलंय? मला ना लेकरं ना बाळं. आणि दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकून माझं डोकं भरलेलं असतं. एक गेला तर माझ्या बापाचं काय जातंय?"

खरं सांगते, मला तेव्हा तसंच वाटलं होतं. मी अशी किती भुतं आणि किती शाप बोलून बोलून जन्माला घातली आहेत. त्यातलं एकही खेळ संपल्यावर खरं होऊन जिना उतरून गेलेलं नाही.

"बरं," पुष्पाबाई म्हणाल्या आणि दोऱ्याची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. प्रेमने बांधलेली, दोन-दोन वेढे देऊन. अभिमनने कात्री आणायला उठायचं केलं, त्यांनी डोळ्यांनीच बसवलं. शेवटी दातात धरून ओढली. दोरा सुटला तो त्यांनी टाकला नाही, बोटाला गुंडाळून ठेवला.

मेघाने उठून कूलर बंद केला. उकाडा एकदम अंगावर आला आणि घर एवढं शांत झालं की रस्त्यावरची रिक्षासुद्धा लांबून येतेय असं वाटलं.

त्यांनी घंटी वाजवली. एकदाच. बैलाच्या गळ्यातली घंटी ती, देवळातल्यासारखी घुमत नाही. कोणीतरी गोठ्यात मान हलवावी तेवढाच आवाज झाला.

"प्रेमा," पुष्पाबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून. तिथेच तो बसायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी पोरगी पाह्यला जाय म्हटलं, तू नही म्हने. मले राग आला. म्या बोलली, नही ऐकायचं तं माह्या हातचं खाऊ बी नको. टोपल्यावर झाकन टाकलं. तू तसाच गेला. बाया म्हनतात, उपाशी गेलेला जीव घागरीपाशी येत नही." त्यांनी बोटावरचा दोरा आवळला आणि प्रश्न पुरा विचारला. "तू कायी खाल्लं होतं का रे, राजा?"

माझ्या डोळ्यांपुढे तो बाक उभा राहिला. नेहमीपेक्षा लवकर आला होता तो. माझा चहा व्हायच्या आत डब्याचं झाकण काढलं होतं. मी म्हटलं होतं, घरी काही मिळत नाही का रे? तर भरल्या तोंडाने हसला होता. मला वाटलं होतं, नेहमीचा हावरटपणा.

मला ठाऊक होतं! देवा, मला ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

मी तोंड उघडलं. त्याची नक्कल करायची नाही असं मी ठरवलं होतं, पण कंट्रोलरने कोणाच्या तोंडचं बोलायचं म्हटलं की त्याची चाल आपोआप जिभेवर येते. ती आली. 

"खाल्लं ना, आई," मी म्हणाले. "कळण्याची भाकरी होती. दोन. त्यावर ठेचा आणि दाण्याची चटणी. अक्काच्या डब्यात होतं ते सगळं खाल्लं, तिला तुकडासुद्धा ठेवला नाही. वरून तिने शिव्या घातल्या. ठेचा असा झणका होता भो, की डोळ्यांतून पाणी आलं. तांब्याभर पाणी प्यालो, ढेकर दिला आणि गाडीत बसलो. खिडकीची जागा मिळाली. पोट भरलेलं होतं, आई."

मेघाने तोंडावर ओढणी धरली. तोतारामभाऊ जमिनीकडे बघत होते. 

"कोनाच्या हातची होती भाकर?" पुष्पाबाईंनी विचारलं, त्याच जागेकडे बघून.

मी ओठ मिटून घेतले. एकच म्हटलं होतं. अभिमन माझ्याकडे असा बघत होता की शक्य असतं तर त्याने मला तिथेच त्या तलवारीने तोडलं असतं.

पुष्पाबाईंच्या लक्षात आलं. "येकच. बरं बरं," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या जागेवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. "मंग तू सांग. तुले तं इचारता येते ना?"

"माझ्या हातची होती, काकू," मी म्हणाले, आणि तेव्हा मला रडू फुटलं.

त्या माझ्यासारख्या रडल्या नाहीत. पिशवीतून डबे काढू लागल्या. पुरणपोळ्या, कुरड्या, आंब्याचा रस. आखाजीला गेलेल्याच्या नावाने कोणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. त्यांच्या घरचं पान तसंच राहिलं होतं, कोणाला बसवायला त्यांचं मन धजलं नव्हतं. ते सगळं त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याच घरातलं ताट मागितलं आणि माझ्यापुढे वाढलं.

"पितर म्हणीसन बाप्या माणूसले बसाडतस, पुष्पाबाई," तोतारामभाऊ दबकत म्हणाले. "मी शे ना, मी बसस."

"तुम्ही बी जेवा. पन त्याचं पान हिचं. जिनं माह्या पोऱ्याले जेवू घातलं, ते त्याचं पान जेवंन. कोनाले सांगायचं त्याले सांगा."

मी जेवले. उष्टं टाकायचं नाही म्हणून सगळं जेवले. पोळीच्या प्रत्येक घासाला त्या समोर बसून बघत होत्या, आणि वारा घालत होत्या. कूलर चालू करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. निघताना त्यांनी घंटी अभिमनच्या हातात दिली. "आता नही वाजायची," म्हणाल्या, "पन राहू दे." अभिमनने ती दोन्ही हातांनी घेतली. 

पुढच्या सोमवारी मी ड्यूटीवर गेले. सकाळची गर्दी, सुट्ट्यांमुळे बायका-पोरांनी फलाट भरलेले. शिंदखेड्याची गाडी लागली. मी माईक ओढला, पुकारलं, आणि सवयीने बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता, तो असतोच. पण त्यावर बसून तो काय म्हणायचा ते माझ्या मनात दरवेळी आपोआप वाजायचं, ते वाजलं नाही.

शब्द आठवत होते. "काय अक्का भो, आज काय?" पण ते कोण म्हणतंय? मी कान देऊन ऐकलं तर माझाच आवाज. तोच, माईकवरचा. अमळनेर, बेटावदमार्गे जाणाऱ्या प्रवाशांनी, त्याच सुरात "काय अक्का भो". आवाज जाड होता की बारीक? घोगरा होता का? हसताना शेवटी वर जायचा की खाली? काही नाही. पाटी पुसावी तसं साफ.

मी स्वतःलाच शिव्या दिल्या. खुळे, त्या दिवशी त्याच्या तोंडचं बोललीस, म्हणून त्याच्या आवाजावर तुझा बसला असेल, येईल दोन दिवसांत. असं म्हटलं, तरी राहवेना. मोबाइल काढला, जुने निरोप खाली खाली सरकवत गेले. तो फोनच करायचा, निरोप पाठवणाऱ्यांतला नव्हता. तरी एक सापडला, कधीतरी बसमधून बोलून पाठवलेला. कानाला लावला.

"अक्का भो, निघालो नरडाण्याहून. चहा टाक."

कोणीतरी पोरगा बोलत होता. मागे गाडीचा आवाज होता. चांगला मोकळा आवाज होता त्या पोराचा. पण मी त्याला ओळखत नव्हते. पुन्हा लावला, पुन्हा लावला. रोज खिडकीत येऊन धुळ्याची गाडी कधी म्हणून विचारणाऱ्या कोणाचाही तो असू शकला असता.

मग मी पुष्पाबाईंना फोन लावला.

"पोरी, तुलेच फोन करनार होती मी," त्या म्हणाल्या. आवाज ताजा होता. "दोन दिस झाले, मले तो आयकू येऊन राह्यला. डोये मिटा बी लागत नही. भाकरी थापतानी येते, झाडू मारतानी येते. आई म्हनते, असा."

"बरं झालं, काकू," मी म्हटलं. "एक ऐकवायचं आहे तुम्हाला. ऐका हं."

केबिनमधल्या फोनवरून त्यांना लावला होता. रिसीव्हरपाशी मोबाइल धरला आणि निरोप लावला. निरोप संपला.

"काकू," मी विचारलं, "हा त्याचाच आहे ना?"

"असं काय इचारते वं?" त्या हसल्या. हसता हसता रडल्या असाव्यात. "माह्या प्रेमाचाच. हुबेहूब. तुले नही समजलं?"

"समजलं ना," मी म्हणाले. "खात्री करून घेतली."

फोन ठेवला. खिडकीत एक आजी येऊन उभ्या होत्या, शिंदखेड्याची गाडी गेली का म्हणून विचारत होत्या. नाही गेली, म्हटलं, उभी आहे. त्यांच्यासाठी मी पुन्हा एकदा पुकारली. मग डबा उघडला, एक भाकरी खाल्ली, आणि एक ठेवून झाकण लावलं.